मोटारींतील इषाऱ्याचे दिवे आणि आंत बसणारांची सुरक्षितता

गेल्या तीस-चाळीस वर्षांत आमच्या खेड्यापाड्यांतील राहणींत जे फेरबदल झाले, त्यांत दारापुढें मोटार उभी राहूं लागली हा कांहीं लहान फेरबदल नव्हे. कोणाकडे जीप आहे, कोणाकडे माल वाहण्याची पिकअप आहे, आणि द्राक्षाचें किंवा उसाचें बरें उत्पन्न आलेल्या पुष्कळ घरीं बायकामुलांस बसावयास लहान मोटारहि आली आहे. बैल आजारी पडला म्हणजे तो रवंथ टाकतो, कान पाडतो, त्याची नाकपुडी कोरडी पडते. हीं चिन्हें शेतकऱ्याच्या मुलास कोणी शाळेंत शिकवीत नाहीं, तीं त्यास घरींच कळतात. मोटार बिघडूं लागली म्हणजे तीहि चिन्हें दाखवितेच. हाकणाराच्या समोर वेग दाखविणारा कांटा ज्या पाटीवर असतो, त्याच पाटीवर लहान लहान दिवे लागून ती आपली व्यथा सांगत असते. परंतु ह्या दिव्यांची भाषा मालकास ठाऊक नसते, आणि पगारी हाकणारास ती ठाऊक असली तरी तो मालकास सांगेलच असें नाहीं. ह्या अज्ञानाचें फळ आम्हीं स्वतः भोगलें असल्यामुळें ह्या विषयावर लिहिण्याचें योजिलें आहे.

एका वैशाखांतील गोष्ट. आम्ही आमच्या जुन्या डिझेलच्या जीपमधून कांद्याच्या लिलावासाठीं बाजारसमितीच्या गांवीं निघालों होतों. घर सोडून थोडें पुढें गेलों तों समोरच्या पाटीवर तेलाच्या झारीच्या आकाराचा एक तांबडा दिवा वळणावर लागे आणि सरळ रस्त्यावर विझे. आम्हीं विचारलें, तेव्हां हाकणारा म्हणाला, "अण्णा, तो उगीच लागतो. मागं मिस्त्रीनं सांगितलंय, त्याचा सेन्सर खराब झालाय." आमचें समाधान झालें. पुढें पुढें तो दिवा सरळ रस्त्यावरहि विझेना. परंतु शेजारी बसलेल्या आप्तांशीं भावाविषयीं आमचें जें बोलणें चाललें होतें तें तसेंच चालूं राहिलें. आणखी दहा-बारा किलोमीटर गेल्यावर उखळांत लोखंडी पहार घोटावी तसा आवाज येऊं लागला, आणि कांहीं क्षणांत एंजिन जागच्या जागीं अडकलें. खालीं वांकून पाहिलें तों तेलाच्या टांकीचा तळाचा नट सैल होऊन तेल वाटेनें सांडून गेलें होतें. दुरुस्तीस जो खर्च आला त्यांत एक चांगली बैलजोडी आली असती. मागाहून हाकणारानें कबूल केलें कीं त्यासहि शंका आली होती. पण वाटेंत थांबलों तर लिलाव टळेल व अण्णा रागावतील, म्हणून तो गप्प बसला. मिस्त्रीनें चुकीचें सांगितलें हें खरें, तरी दिवा आम्हीं आमच्या डोळ्यांनीं पाहिला होता, तेव्हां दोष आमच्याकडेच येतो.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. दिव्यावर काढलेलें चित्र ओळखण्याआधीं त्याचा रंग ओळखावा. मोटारी निरनिराळ्या देशांत व निरनिराळ्या कारखान्यांत तयार होत असल्या तरी त्यांवरील चिन्हें बहुतेक सारखींच असतात. कारण ह्या चिन्हांविषयीं व त्यांच्या रंगांविषयीं आयएसओ २५७५ ह्या क्रमांकाचें आंतरराष्ट्रीय मानक ठरलेलें आहे. तांबडा दिवा म्हणजे माणसाच्या जिवास धोका, किंवा यंत्राची मोठी हानि आतांच होत आहे किंवा होण्याच्या बेतांत आहे. पिंवळा किंवा नारिंगी दिवा म्हणजे कांहीं तरी बिघडलें आहे, गाडी आज चालेल, पण दाखविण्यास फार दिवस लावूं नयेत. हिरवा आणि निळा हे दिवे व्यथा सांगत नाहींत. अमुक गोष्ट चालू आहे एवढेंच ते सांगतात. निळा दिवा समोरच्या दिव्यांचा लांब झोत चालू असल्याचा असतो, आणि समोरून गाडी येत असतां तो तसाच ठेवणें हा आमच्याकडील रात्रींच्या अपघातांतला एक मोठा अपराध आहे, हें येथें जातां जातां सांगून ठेवतों.

हे दिवे जिवंत आहेत कीं मेलेले आहेत, हें रोज पाहतां येतें. एंजिन सुरू न करतां किल्ली फिरविली (बटणाच्या मोटारींत ब्रेकवर पाय न ठेवतां बटण दाबलें), म्हणजे इषाऱ्याचे बहुतेक दिवे एकदम लागतात. हवेच्या पिशव्यांचा व ब्रेकच्या यंत्रणेचा दिवा कांहीं सेकंदांनीं आपण होऊन विझतो. तेलाचा व बॅटरीचा दिवा एंजिन सुरू झाल्यावर विझतो. जो दिवा ह्या वेळीं लागतच नाहीं तो अधिक घातक समजावा. कारण तो कधींच इषारा देणार नाहीं. जुनी मोटार विकत घेतांना तर ही परीक्षा अवश्य करावी. बिघाड दुरुस्त करण्यास पैसे लागतात, दिवा काढून टाकण्यास लागत नाहींत. म्हणून कित्येक विकणारे दिव्याची तार तोडतात, किंवा एका दिव्याची तार दुसऱ्यास जोडून देतात, म्हणजे दोन्ही एकाच क्षणीं लागतात व एकाच क्षणीं विझतात. बाजारांत बैल घेतांना आपण दांत मोजतों, त्यास चालवून पाहतों. येथें किल्ली फिरवून तीन-चार सेकंद थांबावयाचें आहे, इतकेंच.

तांबड्या दिव्यांत पहिला मान तेलाच्या झारीचा. पुष्कळांची अशी समजूत असते कीं तेल कमी झालें म्हणजे हा दिवा लागतो. तसें नाहीं. एंजिनांत तेल दाबानें खेळविलेलें असतें, आणि फिरणारे दांडे व त्यांच्या बैठकी ह्यांच्यामध्यें त्या दाबामुळें तेलाचा पातळ थर राहतो. हा दाब पडला म्हणजे दिवा लागतो. अर्थात् दिवा लागला त्या क्षणीं धातूवर धातु घासूं लागण्याची वेळ आलेली असते, आणि पुढचें प्रत्येक मिनिट महाग पडतें. गाडी रस्त्याच्या कडेस घेऊन एंजिन तत्काळ बंद करावें, थोड्या मिनिटांनीं सपाट जागेवर मोजपट्टी काढून तेल पाहावें, व तेल पुरेसें असूनहि दिवा जात नसेल तर दुसऱ्या गाडीच्या मागें बांधून न्यावी, पण एंजिन सुरू करूं नये. मोजपट्टी पाहण्याचें काम आठवड्यांतून एकदां सकाळीं एंजिन थंड असतां केलें तर हा प्रसंग बहुधा येत नाहीं.

पाण्यांत उभ्या केलेल्या उष्णतामापकाचें तांबडें चित्र एंजिन तापल्याचें द्योतक आहे. उन्हाळ्यांत घाट चढतांना, मागें भार असतां, तें विशेष दिसतें. अशा वेळीं थांबून एंजिन निवूं द्यावें. पण रेडिएटरचें झांकण उघडण्याची घाई मुळींच करूं नये. आंतलें पाणी दाबाखालीं असतें, व त्यामुळें शंभर अंशांच्या वर जाऊनहि उकळलेलें नसतें. झांकण फिरवितांच दाब सुटतो आणि तें पाणी वाफ होऊन तोंडावर येतें. कुकरची शिटी उचलण्यापूर्वीं आपल्या घरच्या बायका जितका धीर धरतात तितका धीर येथें पुरुषांनीं धरावा. अर्ध्या तासानें, हातास झांकण कोमट लागल्यावर, फडकें घालून तें हळूहळू सैल करावें. आणि तापलेल्या एंजिनांत विहिरीचें गार पाणी एकदम ओतूं नये, धातु तडकते. शिवाय विहिरीचें पाणी, विशेषतः जेथें तें खारें किंवा जड आहे तेथें, नेहमीं वापरल्यास चहाच्या भांड्याप्रमाणें आंतल्या नळ्यांस क्षाराचा थर चढतो. कारखान्यानें सांगितलेलें कूलंटच घालावें. आणखी एक गोष्ट पुष्कळांस फसविते. पाणी पार निघून गेलें म्हणजे उष्णता मोजणारा भाग कोरडा पडतो, आणि कांटा कधीं कधीं वर जाण्याऐवजीं खालीं येतो. तेव्हां तापलेल्या एंजिनाचा कांटा अकारण उतरला तर त्यांत आनंद मानूं नये.

वर्तुळांत उद्गारचिन्ह हा ब्रेकचा दिवा होय. हँडब्रेक ओढलेला असला तरी तो लागतो, म्हणून लोक त्याची फारशी पर्वा करीत नाहींत. हँडब्रेक पुरा खालीं असूनहि तो लागला, तर ब्रेकचें तेल कमी झालें आहे असें धरून चालावें. तें कमी होण्याचीं कारणें दोनच: ब्रेकचे गुटके झिजले आहेत, किंवा कोठें तरी गळती आहे. नुसतें तेल भरून दिवा घालविणें हा त्यावर उपाय नव्हे. पिंवळा 'एबीएस' दिवा एकटाच लागला असेल, तर साधे ब्रेक लागतात, परंतु ओल्या रस्त्यावर जोरानें दाबल्यास चाकें अडकून गाडी घसरण्याचा संभव असतो. पण पिंवळा व तांबडा हे दोन्ही एकत्र लागले, तर पुढच्या व मागच्या चाकांवर जोर वांटून देणारी व्यवस्थाहि गेली असण्याचा संभव फार. अशी गाडी घाटांत घालूं नये. १ एप्रिल २०१९ पासून आपल्या देशांतील नव्या मोटारींत ही यंत्रणा सक्तीची झालेली आहे, तेव्हां हा दिवा आतां सर्वांनीं ओळखावयास पाहिजे.

बॅटरीचें चित्र लागलें म्हणजे बॅटरी खराब झाली असा समज करून घेऊन लोक नवी बॅटरी आणतात. बहुधा दोष बॅटरींत नसून ती भरणाऱ्या यंत्रांत किंवा तें यंत्र फिरविणाऱ्या पट्ट्यांत असतो. बोनेट उघडून पट्टा जागेवर आहे कीं तुटला हें पाहावें. कित्येक एंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपहि फिरवितो. तो तुटला असतां गाडी पुढें दामटली तर थोड्याच वेळांत एंजिन तापूं लागतें.

पिंवळ्या दिव्यांपैकीं एंजिनाच्या आकाराचा दिवा अलीकडे सर्वांच्या तक्रारीचा विषय झाला आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हें प्रदूषणाचें मान लागू झालें, आणि तेव्हांपासूनच्या गाड्यांत धुरावर लक्ष ठेवणारे अनेक ज्ञापक बसविलेले आहेत. त्यांतील एकानेंहि तक्रार केली कीं हा दिवा लागतो. तो स्थिर असेल तर सवडीनें तपासून घ्यावें. पेट्रोलच्या गाडींत तो लुकलुकूं लागला तर मात्र वेग तत्काळ कमी करावा. न जळलेलें इंधन धुराड्यांत जाऊन तेथील शुद्धीकरणाचें महाग पात्र जाळीत असतें. आमच्याकडे ह्या दिव्याचें एक कारण शहरांतल्या लोकांस सुचत नाहीं, तें म्हणजे उंदीर. धान्याच्या कोठीजवळ किंवा कडब्याच्या गंजीशेजारीं मोटार उभी केली म्हणजे उंदरांस एंजिनाची ऊब व तारांचें वेष्टन दोन्ही आवडतात. एकाच सकाळीं दोन-तीन असंबद्ध दिवे एकदम लागले तर मिस्त्रीकडे धांवण्यापूर्वीं बोनेट उघडून लेंड्या दिसतात काय तें पाहावें.

डिझेलच्या गाडींत आणखी कांहीं दिवे असतात. वेटोळ्या तारेचा दिवा थंडीच्या सकाळीं लागतो. तो विझेपर्यंत थांबून मग एंजिन सुरू करावें, त्यांत चिंतेचें कारण नाहीं. गाळणीखालीं पाण्याचे थेंब दाखविणारा दिवा मात्र शेतकऱ्यानें विशेष लक्षांत ठेवावा. आपण ट्रॅक्टरसाठीं डिझेल पिंपांत साठवितों. पिंप अर्धें रिकामें असलें म्हणजे रात्रीच्या गारव्यानें त्याच्या आंतल्या अंगास दंव सुटतें आणि तें पाणी तळाशीं जमतें. तळाचें डिझेल उपसून मोटारींत घातलें कीं तें पाणी गाळणींत येतें. हल्लींच्या एंजिनांत डिझेल हजार वातावरणांहून कितीतरी अधिक दाबानें फवारलें जातें, व त्या फवाऱ्याच्या सूक्ष्म छिद्रांस पाण्याचा थेंबहि बाधतो. गाळणीच्या तळाचा नट सैल करून पाणी काढून टाकण्यास पांच मिनिटें लागतात. नव्या फवाऱ्यांची किंमत ऐकून मालक खालीं बसतो.

काजळी धरणाऱ्या गाळणीचा दिवा ज्यांची गाडी फक्त घर ते मळा इतकीच फिरते त्यांस वारंवार दिसतो. गाडी मोठ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटें बऱ्या वेगानें सलग चालविली म्हणजे ती काजळी जळून जाते. कांहीं डिझेल गाड्यांत युरियाच्या द्रावणाची निराळी टांकी असते, आणि ती रिती होत आली म्हणजे त्याचाहि दिवा लागतो. हें द्रावण म्हणजे अत्यंत शुद्ध पाण्यांत विरघळविलेला ३२.५ टक्के शुद्ध युरिया. हें कळतांच "युरिया आपल्या घरीं आहेच" असें म्हणून खताच्या गोणींतील युरिया विरघळवून घालण्याची युक्ति कित्येकांस सुचते. असें कदापि करूं नये. आपल्या देशांत खताच्या युरियास २०१५ पासून सरसकट कडुनिंबाच्या तेलाचें लेपन केलेलें असतें. तें तेल व खतांतील इतर द्रव्यें त्या नाजुक पात्रास कायमचीं निकामी करितात. शिवाय अनुदानाचें खत शेतीबाहेर वापरणें हा गुन्हा आहे तो वेगळाच.

येथवर यंत्राच्या जिवाचें झालें. आतां माणसाच्या जिवाचें. समोरच्या पाटीवर पट्टा बांधलेल्या माणसाचें एक तांबडें चित्र असतें, आणि पट्टा न बांधल्यास त्याबरोबर घंटाहि वाजते. सर्व दिव्यांत लोकांस ह्याच दिव्याचा कंटाळा अधिक येतो, म्हणून तो कां लागतो हें जरा विस्तारानें सांगतों.

ताशीं ५० किलोमीटर ह्या वेगानें जाणारी मोटार झाडावर आदळली तर ती थांबते, आंतला माणूस थांबत नाहीं. तो त्याच वेगानें पुढें जाऊन स्टिअरिंगवर, कांचेवर किंवा पुढच्या माणसावर आपटतो. तो धक्का किती असतो? कोरड्या विहिरींत सुमारें ३२ फूट वरून पडल्यानें जो वेग येतो तितका. ताशीं ८० किलोमीटर वेग असेल तर विहीर ८२ फुटांची धरावी. असल्या विहिरीच्या कांठावर कठड्याशिवाय मुलास कोणी बसवीत नाहीं. परंतु मोटारींत तेंच मूल पुढच्या आसनावर मांडीवर घेऊन आपण खुशाल निघतों. दहा किलोचें मूल अशा धक्क्याच्या क्षणीं तीन पोत्यांइतकें जड होतें, व तीन पोतीं हातांनीं रोखून धरणारा मनुष्य अजून जन्मावयाचा आहे.

खांद्यावरून व कमरेवरून जाणारा हल्लींचा तीन टोकांचा पट्टा व्होल्वो कंपनींतील निल्स बोलिन ह्या स्वीडिश एंजिनिअरनें १९५९ सालीं सिद्ध केला, आणि त्या कंपनीनें त्याचें पेटंट इतर सर्व कारखान्यांस खुलें ठेविलें. त्याची युक्ति साधी आहे. धक्क्याचा जोर पोटासारख्या मऊ भागावर न येतां कमरेचें हाड, बरगड्या व खांदा ह्या बळकट हाडांवर वांटला जातो. म्हणून खालचा पट्टा पोटावरून नव्हे, तर कमरेच्या हाडावरून, मांड्यांच्या लगत खालीं घ्यावा. गरोदर स्त्रीनें तो पोटाच्या खालून घ्यावा, पण घ्यावाच. वरचा पट्टा मानेला घासूं नये, कांखेंतूनहि जाऊं नये. थंडींत शाल किंवा घोंगडी पट्ट्याच्या वरून पांघरावी. आंत राहिल्यास पट्टा सैल पडतो आणि धक्क्याच्या वेळीं तेवढें अंतर माणूस मोकळाच पुढें जातो. पट्टा झटक्यानें ओढून पाहावा, तो अडकला पाहिजे. धुळीनें व चिखलानें तो जड झाला असेल तर पुरा बाहेर ओढून साबणाच्या पाण्यानें पुसून वाळवावा, आणि कडेचे धागे उसवले असतील तर बदलावा.

मागें बसणारास पट्टा कशाला, असा प्रश्न आम्हांस पुष्कळांनीं विचारला आहे. ४ सप्टेंबर १९२२ रोजीं नव्हे, अगदीं अलीकडे, म्हणजे ४ सप्टेंबर २०२२ रोजीं, पालघर जिल्ह्यांत चारोटीजवळ मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर उद्योगपति सायरस मिस्त्री ह्यांचा ज्या अपघातांत अंत झाला, तो वाचकांस आठवत असेल. मोटार उंची होती, हवेच्या पिशव्याहि होत्या. पुढें बसलेलीं दोन माणसें वांचलीं. मागें बसलेले दोघे मरण पावले, आणि त्यांनीं पट्टे बांधले नव्हते असें पोलिसांनीं सांगितलें. केंद्रीय रस्ते वाहतूक खात्याच्या अहवालाप्रमाणें त्या एका सालीं देशांत पट्टा न बांधल्यामुळें १६,७१५ माणसें दगावलीं, आणि त्यांतलीं ८,३३१ हाकणारीं नव्हेत, नुसतीं बसलेलीं होतीं. मागचा मोकळा माणूस स्वतः मरतोच, शिवाय पुढच्या आसनावर आदळून पट्टा बांधलेल्या माणसासहि मारतो. कायद्यानें मागच्या बसणारांसहि पट्टा सक्तीचा आहे, व २०१९ च्या दुरुस्तीपासून पट्टा न बांधल्यास, किंवा चौदा वर्षांच्या आंतील मूल पट्ट्यानें किंवा लहान मुलांच्या आसनानें सुरक्षित न केल्यास, एक हजार रुपये दंड सांगितला आहे. परंतु आमच्याकडे मागच्या आसनावर सुंदर खोळ घालतात आणि पट्ट्याचीं कुलुपें त्या खोळीखालीं गाडून टाकतात. तीं आजच बाहेर काढावीं.

ह्याहून वाईट गोष्ट म्हणजे घंटा बंद करण्यासाठीं कुलुपांत खोंचावयाची पत्र्याची खोटी जीभ. ती बाजारांत पांच-पन्नास रुपयांस मिळे. २०२३ च्या मे महिन्यांत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें इंटरनेटवरील पांच मोठ्या विक्रेत्यांस ती काढून टाकण्याचा हुकूम केला. तथापि ज्यांनीं आधींच घेतली त्यांच्या गाड्यांत ती अजून आहे. राखणीच्या कुत्र्याच्या भुंकण्यानें झोंप मोडते म्हणून त्याचें तोंड बांधून निजावें, असा हा प्रकार आहे.

हवेच्या पिशव्या, ज्यांस एअरबॅग म्हणतात, त्या आल्यावर पट्टा नको असें समजणारेहि आहेत. मोटारींत हाकणारासाठीं ही पिशवी १ जुलै २०१९ पासून व शेजारच्या बसणारासाठीं २०२१ सालापासून सक्तीची झाली. धक्का बसतांच सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या भागांत ती फुगते, व लगेच छिद्रांतून वायु सोडून मऊ पडते. हा वायु मुख्यत्वें नत्र, जो आपल्या पिकांस लागतो तोच. परंतु तिची सारी रचना पट्ट्यास पुरवणी म्हणून आहे. पट्टा नसलेला माणूस आधींच पुढें फेंकला जातो व फुगत्या पिशवीच्या तोंडीं सांपडतो. मग तीच मुष्टिप्रहार करिते. हाकणारानें छाती व स्टिअरिंगचा मध्य ह्यांत निदान वीतभराहून थोडें अधिक, म्हणजे २५ सेंटिमीटर अंतर ठेवावें. तान्ह्या मुलाचें पाठमोरें आसन पुढच्या पिशवीसमोर कधींहि ठेवूं नये. मुलांची जागा मागेंच. शेजारच्या बसणाराची पिशवी ज्या झांकणाखालीं असते, नेमकी तेथेंच कित्येक लोक भक्तीनें गणपतीची मूर्ति चिकटवितात. आमची विनंति अशी कीं मूर्ति थोडी मध्यावर घ्यावी. पिशवी फुटली असतां ती गोळ्यासारखी सुटून बसणाराच्या तोंडावर येते. तसेंच पुढें लोखंडी नळ्यांचा जो कठडा लावतात, तो केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें बेकायदा असल्याचें कळविलें आहे. मोटारीचा पुढचा भाग धक्का गिळण्यासाठीं मुद्दाम चेपणारा केलेला असतो. कठडा तो धक्का सरळ आंतल्या माणसापर्यंत पोंचवितो, आणि पिशव्या केव्हां उघडाव्या ह्याविषयींचा ज्ञापकांचा अंदाजहि चुकवितो.

बसलेला माणूस व त्याच्यापुढें मोठा चेंडू, असें ज्यावर चित्र आहे तो दिवा चालत्या मोटारींत लागलेला दिसला, तर ह्या पिशव्या अपघाताच्या वेळीं उघडतील असा भरंवसा राहिला नाहीं. गाडी नेहमींप्रमाणें चालते, आवाज येत नाहीं, तेल गळत नाहीं. म्हणून हा दिवा लोक महिनेच्या महिने तसाच ठेवितात. आसनाखालील एखादी तार पायानें सुटली असल्यास दुरुस्ती थोडक्यांतहि होते. पण ती जाणत्याकडूनच करवावी, तेथें घरचा पान्हा लावूं नये.

पिकअपसंबंधीं एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाहीं. मजूर बायका मागच्या हौद्यांत उभ्या किंवा बसलेल्या, पुढें मालक पट्टा बांधून बसलेला, असें दृश्य खुरपणीच्या व काढणीच्या दिवसांत रोज सकाळीं दिसतें. मागच्यांसाठीं पट्टा नाहीं, पिशवी नाहीं, आणि त्यांच्यासाठीं समोरच्या पाटीवर दिवाहि लागत नाहीं. माल वाहण्याच्या गाडींत फुकट बसवून नेलेल्या प्रवाशाची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधलेली नाहीं, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २००२ सालींच झालेला आहे. मालाबरोबर जाणारा मालाचा धनी किंवा त्याचा प्रतिनिधि ह्यांची गोष्ट निराळी. तेव्हां असा अपघात झाला तर भरपाईचा बोजा मालकाच्या जमिनीवर येऊन बसण्याचा संभव आहे. पैशाचें भय सांगावें लागतें ह्याची आम्हांस लाज वाटते, पण बायकांस दोन खेपांनीं बंद गाडींतून नेण्यास जो खर्च येतो तो मजुरींत धरण्याची चाल अजून पडली नाहीं.

आमची जीप दुरुस्त होऊन आल्यावर आम्हीं हाकणारास सांगितलें कीं तांबडा दिवा दिसला कीं कोणास न विचारतां थांबावयाचें, लिलाव चुकला तरी चालेल. त्यानंतर तो तीनदां थांबला. एकदां पाण्याचा पंप गळत होता, एकदां बॅटरीचा पट्टा तुटला होता, आणि तिसऱ्या खेपेस हँडब्रेक एक दांत वर राहिला होता, बाकी कांहीं नव्हतें. त्या दिवशीं बाजारसमितींत पोंचलों तेव्हां लिलाव उरकून व्यापारी उठले होते. हाकणारा आमच्या तोंडाकडे पाहत राहिला. आम्हीं त्यास चहा पाजला, आणि कांदा दुसऱ्या दिवशीं विकला.